नागपूरच्या उन्हात इम्प्रेशनिस्ट बाग: आधी उजेड बघा, मग रोपं आणा

आमच्या घरासमोर साधारण बारा बाय अठरा फुटांची मोकळी जागा आहे, बाजूला चार फुटांची बोळ, आणि मागे एक कडुनिंब ज्याची अर्धी सावली आमच्याकडे पडते अन् अर्धी शेजारच्या काकूंकडे. बस एवढंच. या एवढ्याशा जागेत मी गेली सहा वर्षं इम्प्रेशनिस्ट चित्रांसारखी, म्हणजे ब्रशच्या तुटक फटकाऱ्यांत उजेड पकडणाऱ्या त्या फ्रेंच चित्रांसारखी, बाग करून राहिली आहे. येणारे-जाणारे गेटपाशी थांबून विचारतात की ही फुलं अशी वेगळी का दिसतात, आमच्याकडे पण हीच आहेत ना, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

सुरुवात मी चुकीची केली होती, ते आधी सांगते कारण बहुतेक जण तिथेच चुकतात. त्यांतला मोठा चित्रकार क्लोद मोने, त्याच्या फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावच्या बागेचे फोटो बघितले, झाडांची यादी काढली, विस्टेरिया, पिओनी, ट्यूलिप, आयरिस, आणि ऑनलाइन मागवून टाकली. विस्टेरियाची मे महिन्यात काडी झाली. पिओनीला कडक थंडीचे बरेच आठवडे लागतात, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहाच्या आसपास जातो अन् दुपारी परत पंखा लावावासा वाटतो, तिला ती थंडी पुरत नाही, एकही कळी आली नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच पण जास्त वाईट याचं वाटलं की मी मोनेची झाडं उचलली अन् तो बघायचा कसा ते घेतलंच नाही.

तर तो बघायचा कसा? १८७४ साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं, त्यात मोनेचं १८७२ चं एका बंदरावरच्या सूर्योदयाचं चित्र होतं, नाव ‘इम्प्रेशन, सनराइज’. एका समीक्षकाने त्या नावावरून खिल्ली उडवली अन् तेच नाव या सगळ्यांना चिकटलं. ही मंडळी रंग घेऊन उघड्यावर जात, आणि ते जमायचं कारण १८४१ मध्ये रंग भरायच्या धातूच्या ट्यूब निघाल्या होत्या, नाहीतर बाहेर रंग नेणं ही मोठी कटकट होती. उघड्यावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वस्तूचा एक ठरलेला रंग असा नसतोच, सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, ढग आला की अजून वेगळा. मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या त्याच गंज्या पुन्हा पुन्हा रंगवल्या, नंतर रुआँच्या चर्चची तीच भिंत रंगवली, दर वेळी उजेड बदललेला. म्हणजे त्याचा विषय उजेड होता, गंजी निमित्ताला. आणि बाग पण त्याने अशीच केली. १८८३ मध्ये तो जिव्हर्नीला भाड्याने राहायला आला, १८९० मध्ये ते घर विकत घेतलं, आणि १८९३ मध्ये रस्ता अन् रेल्वेलाइनच्या पलीकडची जागा घेऊन तिथे तळं केलं. आधी बाग लावली, मग वर्षानुवर्षं तीच रंगवली, १९२६ मध्ये जाईपर्यंत.

आणि उजेड म्हटलं तर नागपूरकडे काय कमी आहे हो! मेमध्ये ४५ च्या वरचं पांढरंफटक ऊन, जुलैतला तो मऊ राखाडी उजेड, डिसेंबरातलं तिरपं सोनेरी ऊन. फ्रान्सपेक्षा पार वेगळा उजेड आहे, म्हणून झाडं पण वेगळी लागणार, पण रीत तीच चालते.

पहिलं काम, आठ दिवस काही विकत आणायचं नाही. एक जागा ठरवा, शक्यतो जिथे तुम्ही रोज चहा घेता ती, आणि तिथूनच दिवसातून तीनदा बघा, सकाळी सातच्या सुमारास, दुपारी बाराला, अन् ऊन उतरल्यावर. मोबाइलने त्याच जागेवरून फोटो काढा, हलवू नका. मी पहिल्यांदा हे करत होती तेव्हा काकू कुंपणावरून म्हणाल्या, “काय वं, रिकाम्या मातीचे फोटो काढून राहिली का एवढ्या उन्हात?” पण त्या रिकाम्या मातीच्या फोटोंनीच मला सगळं सांगितलं. आमच्याकडे सकाळचं ऊन फक्त बोळीच्या तोंडाशी येते, दुपारी पूर्ण अंगण तापते, आणि संध्याकाळी पश्चिमेच्या कुंपणातून आडवी किरणं आत घुसतात, जेमतेम चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं म्हणजे माझी बाग, असं मी तेव्हाच ठरवलं.

बघताना डोळे किलकिले करा. चित्र शिकवणारे सगळे हे सांगतात, पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक दिसेनासं होते अन् फक्त उजेडाचे अन् सावलीचे मोठे डाग उरतात. मोबाइलवर मुद्दाम फोकस घालवून फोटो काढला तरी तेच दिसते. त्या धूसर फोटोत बाग छान दिसली तर ती छान आहे. तुमचं अंगण अशा फोटोत नुसता एक करडा पट्टा दिसत असेल, तर पहिले भिंतीकडे बघा.

भिंतीबद्दल थोडं. आपल्याकडे कंपाउंडला पांढरा चुना मारायची सवय आहे आणि मे महिन्यात त्या भिंतीकडे बघवत नाही, तिच्यापुढे कुठलंही फूल काळपट दिसते कारण डोळा त्या चकाकीनेच भरून जातो. मोनेचं घर गुलाबी होतं, झडपा हिरव्या, आणि तोच हिरवा रंग त्याने पुलाला, बाकांना, कमानींना दिला. जपानी पद्धतीचा पूल म्हटलं की लाल आठवतो, त्याने मात्र हिरवाच ठेवला, झाडांत मिसळावा म्हणून. मी कंपाउंड फिकट मातकट गुलाबी करून घेतलं, गेट, खुर्ची, वेलीचा मांडव, सगळं एकच हिरवं. खर्च म्हणाल तर एक डबा ऑइल पेंट अन् एक दिवस. पण फरक एवढा पडला की काही न लावताच अर्धी बाग झाल्यासारखं वाटलं. कुंड्या पण साध्या मातीच्या घ्या, ते निळे-लाल-पिवळे चकचकीत प्लास्टिकचे नकोत, डोळा फुलाच्या आधी कुंडीवर जातो.

आता रंग. पॅरिसला गॉब्लँ नावाचा शाही गालिचे विणायचा कारखाना होता, तिथे शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभाग बघत. विणकरांची तक्रार होती की काळा रंग फिका येतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी जो धागा होता त्याच्यामुळे काळा फिका दिसायचा. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं, आणि पुढे चित्रकारांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडे साडी घेणाऱ्या बाईला हे न शिकवता कळते, तोच केशरी पदर हिरव्या काठाजवळ एक दिसतो अन् निळ्या काठाजवळ पेटतो. बागेत पण तसंच करायचं. केशरी झेंडूचा गठ्ठा झेंडूंमध्येच ठेवला तर काही वेळाने डोळ्याला कंटाळा येतो, त्याच्या मागे निळा चित्रक म्हणजे प्लम्बॅगो लावा आणि बघा. पिवळ्या शेवंतीजवळ जांभळा साल्व्हिया. गुलाबीला फिकट हिरवा कोलियस. पण सगळीकडे अशी झटापट नको, एका अंगणात दोन ठिकाणी पुरे, बाकी जागी जवळजवळचे रंग ठेवा, गुलाबी-जांभळा-निळा असे एकमेकांत उतरणारे.

छोट्या जागेसाठी एक युक्ती चित्रातूनच घेतली आहे. केशरी, लाल, पिवळा हे रंग जवळ आल्यासारखे वाटतात, निळा अन् जांभळट मागे सरकल्यासारखे, लांबचे डोंगर निळसर दिसतात ना तसं. म्हणून गरम रंग बसायच्या जागेजवळ अन् निळे-जांभळे अगदी मागच्या भिंतीला. माझं अठरा फुटांचं अंगण यामुळे बरंच खोल वाटते. उलटं केलं, म्हणजे लाल कर्दळ मागे लावली, तर भिंतच अंगावर आल्यासारखी होते, मी एक वर्ष करून बघितलं आहे.

लावायचं कसं, तर ओळीत नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, यावर अजून माझ्याशी सहमत नाहीत. “अगं, ओळीत लाव ना, कसं नीट दिसते, खुरपायलाही बरं पडते.” खुरपणीचं त्यांचं म्हणणं खरं आहे. पण चित्रात रंग ओळीत नसतो, ब्रशचे तुटक तुटक फटकारे असतात जे लांबून डोळ्यात मिसळतात. त्यासाठी मी रांगोळीच वापरते. वाफा भिजवून सपाट केला की वरून पांढऱ्या रांगोळीने तिरपे, लांबट, माशासारखे आकार काढायचे, एकात एक थोडे घुसलेले, टोकं निमुळती. एका माशात एकच फूल. आणि तोच रंग वाफ्यात निदान तीनदा आला पाहिजे, एकदा मोठा गठ्ठा, एकदा छोटा, एकदा नुसती दोन-चार रोपं भलत्याच ठिकाणी. ती भलत्या ठिकाणची रोपंच सगळी जादू करतात. फुलांचे आकार पण बारीक असू द्या. मोठा डेलिया एकटाच सगळी नजर खाऊन टाकतो, मला डेलिया आवडतो पण तो वेगळ्या कुंडीत, वाफ्यात कॉसमॉस, लार्कस्पर, अलिसम, फ्लॉक्स अशी बारीक फुलंच बरी.

आता माती. नागपूरची काळी माती पावसाळ्यात चप्पल ओढून घेते अन् उन्हाळ्यात बोटभर भेगा पाडते, सीझनल फुलांची मुळं त्यात पावसाळ्यात कुजतात. एक भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि थोडी निंबोळी पेंड, एवढं करून वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच ठेवा म्हणजे पाणी थांबत नाही. ताजं शेण टाकू नका. काळी माती काढून फेकू पण नका, ती पुढे पाण्याच्या टबात लागणार आहे, तिथे तिच्यासारखी माती नाही.

ऋतू मी उजेडावरून लावते, कॅलेंडर नंतर बघते.

पावसाळ्यात ढगांतून उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या जवळजवळ नसतात, त्यामुळे फिकट रंग खुलतात. मे महिन्यात जो फिका गुलाबी धुतल्यासारखा पांढरा दिसतो तोच जुलैत इतका सुंदर दिसतो की विचारू नका. म्हणून जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की तेरडा पेरायचा, गुलाबी, पांढरा, जांभळट असा मिसळून, आपल्या गावाकडच्या परसात असतो तोच. कुंपणावर निळा गोकर्ण. मधे मधे रेन लिलीचे कांदे, पहिल्या पावसानंतर ती अचानक वर येते. झिनिया पण चालतो पण पानांवर पांढरी भुकटी रोगाची लवकर येते, जरा अंतर ठेवून लावा.

हिवाळा हा खरा सीझन. पाऊस गेला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मधला काळ, बिया टाकून घ्यायच्या. लार्कस्पर अन् पॉपी जागच्या जागीच पेरा, त्यांची मुळं हलवलेली त्यांना सहन होत नाही. मी नर्सरीतून पॉपीची रोपं आणून दोन वर्षं वाया घालवली. पॉपीचं बी खसखशीसारखं बारीक असते, मूठभर कोरड्या रेतीत मिसळून भुरभुरवा, वरून माती नका टाकू, नुसतं हाताने दाबा. पेट्युनिया, पॅन्सी, साल्व्हिया यांची रोपं मात्र आणलेली बरी. लार्कस्पर वीस-पंचवीस सेंटीमीटरवर विरळ करा, कॉसमॉसला तीस तरी द्या, नाहीतर सगळं एकमेकांवर पडते. डिसेंबरात सूर्य दिवसभर खालूनच चालतो, साडेपाच-पावणेसहाला मावळते, त्यामुळे ती आडवी सोनेरी किरणं पाकळ्यांच्या आरपार जातात. इथेच माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगते. पातळ पाकळीची फुलं, पॉपी, कॉसमॉस, तुमच्या आणि मावळत्या सूर्याच्या मधे लावा. म्हणजे खुर्ची पूर्वेकडे, तोंड पश्चिमेला, आणि फुलं समोर. ऊन मागून आलं की पाकळी आतून दिवा लावल्यासारखी उजळते. तेच फूल सूर्याकडे पाठ करून बघितलं तर नुसतं लाल. जाड पाकळीच्या झेंडूला हे जमत नाही, त्याला समोरून ऊन पडलेलं चांगलं, तो सकाळच्या बाजूला.

वाटेच्या कडेला नॅस्टर्शियम. मोनेच्या घरापुढच्या मोठ्या वाटेवर कमानी होत्या अन् खाली दोन्हीकडून नॅस्टर्शियम इतकं पसरायचं की वाट मधे बोटभर उरायची. आपल्याकडे ते हिवाळ्यात मस्त येते. बी रात्रभर भिजवून ऑक्टोबरात पेरा आणि त्याला खत देऊ नका, अजिबात. खताने पानं तळहाताएवढी होतात अन् फूल शोधावं लागते. फरशीची सरळ कड झाकून टाकणं हा उद्देश आहे, सरळ रेघ दिसली की चित्र मोडते. मार्च लागला की ते पिवळं पडायला लागते, तेव्हा ओढून काढा अन् त्या जागी पोर्चुलाका म्हणजे चिनी गुलाबाच्या काड्या खोचून द्या, त्याला उन्हाचीच आवड.

विस्टेरियाच्या जागी काय, हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता. उत्तर आपल्याच देशातल्या बागांत जुनं आहे, पेट्रियाचा वेल, नर्सरीत नीलमणी म्हणूनही मिळतो. पानं सँडपेपरसारखी खरखरीत, आणि फेब्रुवारी-मार्चला निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस लटकतात. लावल्यावर दोन-तीन वर्षं धीर धरावा लागतो, मग मांडव भरून जातो. आणि त्याच दिवसांत शहराबाहेर पळस पेटलेला असतो, तो केशरी डोळ्यात घेऊन घरी यायचं अन् हा निळा बघायचा, शेव्रलसाहेबांचं पुस्तक वाचायची गरज नाही.

उन्हाळ्यात काय करायचं ते सगळे विचारतात. दुपारी बाराच्या उन्हात रंग टिकतच नाही, सगळं पांढरं होऊन जाते, तर त्या वेळेसाठी बाग करायचीच नाही. गडद रंग, राणी कलरची बोगनवेल, लाल जास्वंद, कण्हेर, एवढेच त्या उन्हाला उत्तर देऊ शकतात. बाकी बाग संध्याकाळी साडेसहानंतरची करा. अंधारायला लागलं की लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो, पांढरा अन् निळा मात्र शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणून बसायच्या जागेजवळ पांढरी सदाफुली, मोगरा, कुंदा. अंगणात सडा मारला, मोगरा उमलला, निळा चित्रक अंधारात हळूहळू विरघळून राहिला, यापेक्षा उन्हाळ्यात अजून काय पाहिजे.

ग्रीन नेटबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. ऊन अडवायला आपण सगळे हिरवी नेट लावतो अन् त्या नेटमधून येणारा उजेडच हिरवा होतो, खाली गुलाबी फूल मातकट दिसते, माणसाचा चेहरा पण आजारी वाटतो. पांढरी नेट मिळते, पन्नास टक्के ऊन अडवणारी, ती घ्या. उजेड मऊ होतो अन् रंग आहे तसा राहतो. एप्रिलच्या सुरुवातीला लावा, मृग लागला की काढून ठेवा.

पाणी सकाळी लवकर, बुंध्याशी, आणि वर वाळलेला पालापाचोळा अंथरा, कडुनिंबाचा असेल तर उत्तमच. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकायचा मोह सगळ्यांना होतो, टाकू नका. बोअरचं पाणी कूलरमध्ये उडून उडून त्यातले क्षार घट्ट होत जातात, टाकीच्या तळाला तो पांढरा थर बसतो ना, तोच मातीत जातो अन् पानांच्या कडा जळतात. एसीचं टपकणारं पाणी मात्र चालते.

कडुनिंबाखालची सावली मी आधी वाया गेलेली जागा समजत होती. पण या चित्रकारांचं एक मोठं काम म्हणजे सावलीत त्यांनी काळा रंग घालणं जवळजवळ सोडून दिलं. सावली निळी असते, जांभळी असते, नीट बघा, अंगणातल्या पांढऱ्या चादरीवर पडलेली सावली हिवाळ्याच्या सकाळी चक्क निळसर असते. मग मी सावलीत निळा-जांभळाच वाढवला, जांभळा टोरेनिया, मधे मधे पांढरे कॅलेडियम, आणि फर्न. पानांच्या फटींतून उन्हाचे जे गोल ठिपके पडतात ते या पांढऱ्या पानांवर पडले की हलत राहतात. फक्त वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कडुनिंबाच्या खालच्या थोड्या फांद्या विरळ करून घ्या, नाहीतर ठिपके पडत नाहीत, नुसता अंधार.

आणि आता पाणी. जागा कितीही कमी असो, पाणी पाहिजेच, कारण पाण्याशिवाय आभाळ खाली येत नाही. तळं शक्य नाही, टब शक्य आहे. मी काळा प्लास्टिकचा टब घेतला, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल. काळाच का, तर आतून गडद असेल तरच पाणी आरशासारखं होते, निळ्या टबात नुसता टबाचा तळ दिसतो. सिमेंटची टाकी बांधणार असाल तर पाणी भरून दोन-तीन आठवडे बदलत राहा, नव्या सिमेंटचा चुना उतरून जाऊ द्या.

त्यात कमळ नाही, कुमुद लावा, म्हणजे वॉटर लिली. मोनेने रंगवली ती पण हीच. ओळखायची खूण सोपी आहे, लिलीचं पान पाण्यावर चपटं तरंगते अन् त्याला देठापर्यंत एक चीर असते, कमळाचं पान अखंड गोल अन् देठावर पाण्याच्या वर उभं राहते. कमळाला एवढा टब पुरत नाही. लिलीचा गड्डा एका पसरट कुंडीत लावायचा, अन् माती आपली काळी, चिकट, नुसती. खत नाही, कोकोपीट तर मुळीच नाही कारण ते तरंगून वर येते. वर बोटभर जाडी रेती म्हणजे माती ढवळत नाही. कुंडी पाण्यात बुडवली की मातीच्या वर वीतभर पाणी राहिलं पाहिजे. रोज पाच-सहा तास ऊन लागते, सावलीत पानं येतील, फूल नाही. पाणी पहिल्या पंधरा दिवसांत हिरवं होईल, घाबरून बदलू नका, पानं वाढून ऊन अडलं की आपोआप निवळते.

डासांचं. शेजारच्यांनी आधी हेच विचारलं, आणि आपल्याकडे डेंग्यूचं बघता बरोबरच विचारलं. पाच-सहा गप्पी मासे सोडले की अळी शिल्लक राहत नाही. जिव्हर्नीला पण मोनेच्या तळ्याला गावकऱ्यांचा विरोध झाला होता, ही परदेशी झाडं पाणी विषारी करतील अन् जनावरं मरतील अशी भीती त्यांना वाटत होती, त्याला अर्ज-विनंत्या करून परवानगी मिळवावी लागली. मी काकूंना गप्पी दाखवले, त्यांनीही मग चार मागून नेले.

पान वाढलं की काढत राहा, हे महत्त्वाचं आहे. निम्म्याहून जास्त पाणी झाकलं जाऊ देऊ नका. मोनेकडे तळ्यासाठी वेगळा माळी होता, तो नावेतून फिरून मेलेली पानं काढायचा, पाणी स्वच्छ ठेवायचा, कारण मोनेला फुलांइतकंच मधलं रिकामं पाणी पाहिजे होतं, ज्यात ढग दिसतील. त्याची ती शेवटची भली मोठी लिलीची चित्रं पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल खोल्यांत लावली आहेत, १९२७ पासून, त्यांत कितीतरी जागी फूल नाहीच, नुसतं आभाळ पडलेलं पाणी आहे. टब कुठे ठेवायचा हे पण यावरूनच ठरवा. खुर्चीत बसा, टबाच्या जागी जुना आरसा आडवा ठेवा, त्यात काय दिसते ते बघा. विजेच्या तारा अन् पाण्याची टाकी दिसली तर हलवा, आभाळ अन् पेट्रियाचा घोस दिसला की तिथेच विटा लावून टब बसवा, कारण भरल्यावर तो हलत नाही. मेमध्ये पाणी रोज थोडं थोडं उडते, सकाळी भरा, दुपारी तापलेल्या पाइपचं पाणी एकदम सोडू नका, मासे मरतात.

आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी गेलात तर चौपाटीच्या गर्दीकडे पाठ करून एकदा पाण्याकडे डोळे किलकिले करून उभे राहा, दहा मिनिटं. केशरी, जांभळा, राखाडी, सगळे तुटक तुकडे हलत असतात. माझ्या वाफ्यातली रांगोळीची माशांची नक्षी मी तिथूनच उचलली आहे.

मार्चमध्ये पॉपी अन् लार्कस्पर वाळायला लागले की लगेच उपटू नका, अंगण आठ-पंधरा दिवस जरा उदास दिसेल, दिसू द्या. पॉपीची बोंडं हलवल्यावर आतून खुळखुळ वाजली की कापून कागदाच्या पाकिटात उलटी करा. पाकिटावर रंग लिहा, आणि वाफ्यात कुठे होतं ते पण लिहा, मागे, मधे, खुर्चीजवळ. स्टीलच्या डब्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, आमच्याकडे तो देवघराखालचा खण आहे, तिथे ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं.